परदेशातील दीर्घ मुक्काम आणि परतीचे तिकीट

पुणे आणि सातारा या दोन जिल्ह्यांची शीव सांगणारी नीरा नदी शिरवळच्या उत्तरेस वाहते, आणि महामार्गाने वेगाने जाणाऱ्या आजच्या प्रवाशाला ती केव्हा मागे पडली याची जाणीवही होत नाही. परंतु २५ सप्टेंबर १८१९ रोजी सातारकर छत्रपती प्रतापसिंह महाराज आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात जो तह झाला, त्याने हीच नदी ढोबळ मानाने एका राज्याची उत्तर सीमा ठरली, व पुढे सुमारे तीस वर्षे ती तशी राहिली. कंपनीच्या परवानगीवाचून परमुलखातील कोणाशीही संबंध ठेवू नये असे त्या तहातील एक कलम होते. त्याचाच भंग केल्याचा आरोप ठेवून १८३९ च्या सप्टेंबरात महाराजांना पदच्युत करण्यात आले, आणि त्यांची कैफियत मांडण्यासाठी रोहिडखोऱ्यातील देशपांडे घराण्याचे रंगो बापूजी गुप्ते हे लंडनला गेले. तेथे त्यांचा मुक्काम थोडाथोडका नव्हे, जवळजवळ चौदा वर्षे पडला. धनी काशीस नजरकैदेत वारले, राज्य खालसा झाले, तरी हा वकील कंपनीच्या दरबारी रुजू होत राहिला. १८५३ साली तो स्वदेशी यावयास निघाला तेव्हा कर्जाने वेढलेला होता.

या भागातील माणसाने परदेशी केलेल्या दीर्घ मुक्कामाचे इतके ठळक उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल, आणि आजच्या प्रवाशाने त्यातील एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. त्या काळी इंग्लंडात उतरण्यासाठी आजच्या अर्थाचा व्हिसा लागत नसे. कठीण होते ते जाणे, राहण्याचा खर्च चालवणे आणि परत येणे. १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून जहाजाने अमेरिकेस गेल्या, तेव्हाही त्यांच्यासमोरील अडथळे समाजाचे, पैशांचे व समुद्राचे होते, वकिलातीचे नव्हते. आज ही स्थिती बरोबर उलटली आहे. शिरवळहून पुणे तासाभराच्या अंतरावर, मुंबईचा विमानतळ अर्ध्या दिवसाच्या टप्प्यात, आणि तेथून युरोप वा अमेरिका एका दिवसाच्या आत. परंतु तेथे किती दिवस राहणार आणि परत कसे येणार, याचे उत्तर कागदोपत्री दिल्यावाचून प्रवाशाला विमानात पाऊल ठेवता येत नाही.

शिरवळ, खंडाळा, लोणंद या परिसरातील औद्योगिक वसाहतींमुळे आणि पुण्याच्या सान्निध्यामुळे येथील पुष्कळ घरांतील मुले-मुली अभियंते झाली आणि त्यांतील काही परदेशी स्थिरावली. त्यांच्याकडे चार-सहा महिने राहावयास निघालेले आई-वडील हे आता गावोगाव दिसणारे दृश्य आहे. बाळंतपण, नातवंडाचा पहिला वाढदिवस, नवे घर, किंवा केवळ मुलाला पाहण्याची ओढ, असे त्या प्रवासाचे निमित्त असते. हे लोक श्रीमंत पर्यटक नसतात, कामाच्या शोधात निघालेले मजूरही नसतात. आणि नेमक्या या मधल्या स्थितीमुळे त्यांच्या कागदपत्रांकडे अंमलदार अधिक बारकाईने पाहतो. म्हणून हे नियम कोणत्या चौकीवर, कोण आणि कशासाठी विचारतो, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे. अशा चौक्या चार आहेत: आपल्याच सरकारचा पासपोर्ट, परक्या सरकारची वकिलात, विमान कंपनीची खिडकी, आणि उतरण्याच्या ठिकाणचा आगमन-अधिकारी. प्रत्येकाचा प्रश्न निराळा असतो, आणि एकाला दिलेले उत्तर दुसऱ्याला पुरेसे होतेच असे नाही.

पहिली चौकी घरची. पहिल्या महायुद्धाने जगभरच्या सीमा आवळल्या. युद्धानंतर, १९२० साली, राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने पॅरिस येथे भरलेल्या परिषदेने पासपोर्टच्या पुस्तिकेचे स्वरूप ठरवले, आणि त्याच वर्षी हिंदुस्थानातही पासपोर्टसंबंधी कायदा झाला. स्वातंत्र्यानंतरही दीर्घ काळ पासपोर्ट देणे न देणे ही सरकारची मर्जी मानली जाई. एप्रिल १९६७ मध्ये सतवंतसिंग सॉनी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने परदेशगमनाचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचा निर्णय दिला, आणि त्याच वर्षी संसदेने आजचा पासपोर्ट कायदा संमत केला. तेव्हा शिरवळच्या शेतकऱ्याने पुण्याच्या कार्यालयात पासपोर्टसाठी अर्ज करणे म्हणजे मेहेरबानीची याचना नव्हे. तो त्याचा हक्क आहे, ही जाणीव मनात असावी. प्रौढ माणसाचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो. तथापि पुष्कळ देश प्रवेशाच्या दिवसापासून पुढे सहा महिने तो जिवंत असावा असा आग्रह धरतात, म्हणून दीर्घ मुक्कामाचा बेत असेल तर मुदत संपण्याच्या वर्षभर आधीच नूतनीकरण करणे श्रेयस्कर.

याच पासपोर्टशी निगडित अशी एक तरतूद ग्रामीण भागातील लोकांना फार उपयोगाची आहे. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यान्वये, दहावी उत्तीर्ण नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर सामान्यतः उत्प्रवासनाच्या पूर्वपरवानगीची अट नोंदली जाते. आखाती देश, मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया अशा अठरा देशांत नोकरीसाठी जाताना ही परवानगी लागते, आणि कमी शिकलेल्या मजुराची परक्या मालकाकडून नागवणूक होऊ नये हा तिचा मूळ उद्देश आहे. पन्नाशी ओलांडलेल्या व्यक्तीला या अटीतून सूट मिळते. जिच्या पासपोर्टवर ही अट आहे अशी व्यक्ती नोकरीसाठी नव्हे, तर केवळ भेटीसाठी या देशांत जात असेल, तर ऑक्टोबर २००७ पासून तिला वेगळी परवानगी लागत नाही. मात्र वैध पासपोर्ट आणि व्हिसा यांच्या जोडीला परतीचे तिकीट भारतीय विमानतळावरच दाखवावे लागते. म्हणजे परतीचे तिकीट मागणारा पहिला अंमलदार कित्येकदा आपलाच असतो, आणि तो ते मागतो ते प्रवाशाच्या संरक्षणासाठी.

दुसरी चौकी वकिलातीची. अर्ज स्वीकारणारी केंद्रे पुण्यातही आहेत, परंतु निर्णय वकिलातीतील अधिकाऱ्याचा असतो, आणि त्याच्या मनातील प्रश्न एकच असतो: हा मनुष्य मुदत संपल्यावर परत जाईल काय? अमेरिकेच्या कायद्यात तर भेटीचा व्हिसा मागणारा प्रत्येक अर्जदार तेथे कायमचा राहावयास येत आहे असे प्रथमतः गृहीत धरले जाते, आणि ते गृहीतक खोडून काढण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकलेली आहे. अशा वेळी सातबारा उतारा, निवृत्तिवेतनाचा आदेश, बँकेचे खातेपुस्तक, गावातील घर, मागे राहिलेला दुसरा मुलगा किंवा सून या साऱ्या गोष्टी माणूस आपल्या भूमीशी बांधलेला असल्याच्या साक्षी ठरतात. मुलाखतीला गेलेल्या वृद्धांनी त्या साक्षी साध्या शब्दांत सांगाव्यात. मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत मराठीतून उत्तर देण्याची सोय असते, तेव्हा तोडक्या इंग्रजीत पाठ केलेली वाक्ये म्हणण्यापेक्षा आपल्या भाषेत खरे बोलणे केव्हाही अधिक परिणामकारक.

येथे एका अतिशय सार्वत्रिक गैरसमजाचा निरास केला पाहिजे. व्हिसाची मुदत आणि मुक्कामाची मुदत या दोन भिन्न गोष्टी आहेत. भारतीयांना अमेरिकेचा भेटीचा व्हिसा बहुधा दहा वर्षांचा मिळतो, आणि 'दहा वर्षे राहता येते' अशी समजूत करून घेणारे लोक आढळतात. वास्तविक त्या दहा वर्षांत कितीही वेळा दारापर्यंत जाण्याची ती मुभा आहे. आत आल्यावर किती दिवस राहावयाचे ते तेथील आगमन-अधिकारी ठरवतो, बहुधा सहा महिन्यांची मुदत देतो, आणि ती 'आय-९४' नावाच्या नोंदीत लिहिली जाते. ही नोंद आता संगणकावर असते. मुलाने आई-वडील घरी पोहोचताच ती काढून त्यातील तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. मुदत वाढवून हवी असेल तर ती संपण्याच्या आत रीतसर अर्ज करावा लागतो. मुदत उलटून राहिल्यास तो दहा वर्षांचा व्हिसा निरर्थक होतो. १८० दिवसांहून अधिक काळ बेकायदा राहून परतल्यास तीन वर्षे, आणि वर्षभर किंवा त्याहून अधिक राहिल्यास दहा वर्षे त्या देशाचे दार बंद होऊ शकते.

युरोपातील शेंगेन राष्ट्रांचा नियम याहून निराळा, आणि हिशेबाला थोडा अवघड आहे. लक्झेंबर्गमधील शेंगेन या गावी १४ जून १९८५ रोजी झालेल्या करारातून उगम पावलेल्या या व्यवस्थेत आज २९ देश आहेत, आणि तो सर्व प्रदेश मुक्कामाच्या दृष्टीने एकच मानला जातो. कोणत्याही १८० दिवसांच्या कालखंडात एकूण ९० दिवस, हे तेथील सूत्र. येण्याचा व जाण्याचा असे दोन्ही दिवस मोजले जातात. साध्या वर्षी १ जानेवारीस जर्मनीत उतरलेल्या दांपत्याचे ९० दिवस ३१ मार्चला पूर्ण होतात, आणि मग ३० जूनपूर्वी त्यांना पुन्हा त्या प्रदेशात येता येत नाही. मधल्या काळात फ्रान्समध्ये वा इटलीत राहून दिवस वाचतात ही कल्पना सर्वथा चुकीची आहे. ऑक्टोबर २०२५ पासून तेथे प्रवेश व निर्गमन यांची संगणकीय नोंद घेणारी नवी यंत्रणा सुरू झाली असून, शिक्क्यांवरून दिवस मोजताना जी चूक पूर्वी नजरेआड होई ती आता आपोआप उघड होते. या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. ९० दिवसांहून अधिक राहावयाचे असल्यास ज्या त्या देशाचा राष्ट्रीय व्हिसा स्वतंत्रपणे घ्यावा लागतो.

ब्रिटनचा भेटीचा व्हिसा दोन, पाच किंवा दहा वर्षांचाही मिळतो, परंतु एका वेळचा मुक्काम साधारणतः सहा महिन्यांपलीकडे जाता कामा नये, आणि वारंवार येऊन-जाऊन तेथेच संसार थाटल्यासारखे वागणेही नियमबाह्य ठरते. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसावर कधी कधी '८५०३' क्रमांकाची अट असते. ती असता तेथे राहून दुसऱ्या बहुतेक कोणत्याही व्हिसासाठी अर्ज करता येत नाही, म्हणून अनुमतिपत्र आल्याबरोबर हा आकडा त्यात शोधावा. आई-वडिलांच्या दीर्घ मुक्कामाचा स्वतंत्र विचार करणारा देश म्हणून कॅनडाचा निर्देश करावा लागेल. २०११ साली तेथे 'सुपर व्हिसा' सुरू झाला, आणि जुलै २०२२ पासून त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते. मात्र मुलाचे वा मुलीचे ठराविक उत्पन्न, लेखी निमंत्रण आणि किमान एक लाख कॅनडियन डॉलरचा आरोग्यविमा या अटी पूर्ण कराव्या लागतात. कुटुंब ही गोष्ट पर्यटनाच्या चौकटीत मावत नाही हे ओळखून केलेली ही तजवीज मला अत्यंत विवेकाची वाटते, आणि इतर देशांनीही तिचे अनुकरण करावे असे मनापासून वाटते.

आता तिसरी चौकी, विमान कंपनीची. आणि परतीच्या किंवा पुढच्या प्रवासाच्या तिकिटाचा खरा प्रश्न बहुधा येथेच उपस्थित होतो. प्रवासी म्हणतो, व्हिसा माझ्याजवळ आहे, मग तिकीट विकणाऱ्या कंपनीच्या कारकुनाने माझी उलटतपासणी का करावी? याचे कारण आंतरराष्ट्रीय कायद्यात आहे. १९४४ च्या डिसेंबरात शिकागो येथे झालेल्या नागरी विमान वाहतुकीच्या करारातून जी व्यवस्था उभी राहिली, तिच्यानुसार ज्या प्रवाशाला परका देश आत घेत नाही त्याला परत नेण्याची जबाबदारी त्याला आणणाऱ्या कंपनीवर येते. शिवाय बहुतेक देश अपुरे दस्तऐवज असलेला प्रवासी आणल्याबद्दल कंपनीला दंड करतात. आपल्याकडेही २००० सालच्या कायद्याने असा एक लाख रुपयांचा दंड ठेवला होता, आणि तो विषय आता १ सप्टेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या नव्या कायद्याखाली आला आहे. म्हणून खिडकीवरचा कर्मचारी 'टिमॅटिक' नावाच्या जागतिक नियमसंग्रहात आपला पासपोर्ट, गंतव्य देश आणि मुक्कामाचे दिवस भरून पाहतो. त्यात 'परतीचे वा पुढचे तिकीट आवश्यक' असे उमटले, तर त्याच्यापुढे दुसरा मार्ग उरत नाही.

तिकिटाचा असा उपयोग नवा नाही, आणि त्याचा इतिहास आपल्या देशबांधवांच्या दुःखाशी जोडलेला आहे. १९०८ साली कॅनडाने एक हुकूम काढला, की जन्मभूमीहून अखंड प्रवासाने आणि तेथेच घेतलेल्या सलग तिकिटावर येणाऱ्यालाच प्रवेश मिळेल. हिंदुस्थानातून कॅनडास थेट जाण्याची सोयच उपलब्ध राहिली नव्हती. त्यामुळे हिंदी लोकांचे नाव न घेता त्यांना रोखण्याची ती युक्ती होती. १९१४ च्या मे महिन्यात ३७६ प्रवाशांना घेऊन 'कोमागाता मारू' हे जहाज व्हँकूवरला पोहोचले. दोन महिने ते बंदरात अडकून राहिले आणि त्यातील बहुसंख्य प्रवाशांना जमिनीवर पाऊल ठेवू न देता परत पाठवण्यात आले. याच्याही आधी मॉरिशसला गेलेल्या गिरमिटी मजुरांच्या सुरुवातीच्या करारांत पाच वर्षांनंतर फुकट परतीच्या प्रवासाची हमी असे, आणि त्या मजुरांत मराठी मुलखातील लोकही होते. एकाच शतकाच्या अवकाशात तिकीट हा मजुराचा हक्क होता, मग परक्याला अडवणारी भिंत झाले. आज ते परतण्याच्या इराद्याचा पुरावा मानले जाते. या पार्श्वभूमीवर विमानतळावरचा तो प्रश्न अपमानास्पद वाटू शकतो हे मी जाणतो, तरी त्याचे उत्तर शांतपणे आणि पूर्ण तयारीने देणे यातच प्रवाशाचे हित आहे.

तयारी म्हणजे काय? जेथे आगमनानंतर व्हिसा मिळतो किंवा व्हिसाच लागत नाही, तेथे पुढच्या तिकिटाची अट सर्वांत कडक असते. इंडोनेशिया, मॉरिशस यांसारख्या देशांस निघालेल्याने ते तिकीट हाती घेऊनच घर सोडावे. ज्याच्याजवळ सहा महिन्यांचा व्हिसा आहे पण परतण्याचा दिवस ठरलेला नाही, त्याने तारीख बदलता येईल असे जाण्यायेण्याचे तिकीट घ्यावे. थोडे अधिक पैसे पडले तरी दोन स्वतंत्र तिकिटांपेक्षा ते बहुधा किफायतशीर ठरते. परतीची तारीख मुक्कामाच्या अनुज्ञेय मुदतीच्या आत असली पाहिजे, कारण मुदतीनंतरच्या दिवसाचे तिकीट हे आपल्याच विरुद्ध दिलेली साक्ष होते. परत न येता तिसऱ्या देशात जावयाचे असेल तर त्या देशात जाण्याचा व्हिसाही जवळ हवा, एरवी ते पुढचे तिकीट पोकळ ठरते. वाटेत विमान बदलताना वेगवेगळी तिकिटे असतील, तर सामान घेण्यासाठी मधल्या देशात प्रवेश करावा लागेल काय, आणि त्यासाठी त्याचा व्हिसा लागेल काय, हे आधी पाहावे. शेंगेन व्हिसाच्या अर्जापुरते मात्र निव्वळ आरक्षण चालते. व्हिसा हाती येण्यापूर्वी न परतवता येणारे तिकीट विकत घेण्याची घाई करू नये.

याच ठिकाणी एका अनिष्ट प्रथेविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. थोड्या पैशांत बनावट आरक्षणाचा कागद करून देणारे मध्यस्थ ठिकठिकाणी आहेत, आणि भोळी माणसे त्यांच्या नादी लागतात. आरक्षणाचा सांकेतिक क्रमांक विमान कंपनीला क्षणात पडताळता येतो. तो खोटा निघाला तर प्रश्न तिकिटाचा न राहता सचोटीचा होतो, आणि परक्या सरकारच्या दफ्तरात 'खोटा दस्तऐवज सादर केला' अशी झालेली नोंद पुढील अनेक वर्षे प्रत्येक अर्जासोबत वावरते. काही हजार रुपये वाचवण्यासाठी मुलाच्या घरी जाण्याचा मार्ग गमावणे हा सौदा कोणत्याही हिशेबाने परवडणारा नाही.

चौथी चौकी आगमनाची. रात्रभराच्या प्रवासाने थकलेल्या, भाषा न समजणाऱ्या माणसाला तेथे दोन-तीन प्रश्न विचारले जातात: कोणाकडे आलात, किती दिवस राहणार, खर्च कोण करणार. मुलाचा पत्ता व दूरध्वनी, त्याचे निमंत्रणपत्र, परतीचे तिकीट, विम्याचा दाखला आणि औषधांची डॉक्टरांच्या सहीची चिठ्ठी हे पाच कागद हातातल्या पिशवीत, छापील स्वरूपात, वरच्या बाजूस असावेत; भ्रमणध्वनीवर ठेवलेला कागद नेमक्या त्या घटकेला उघडत नाही असा अनुभव पुष्कळांना येतो. भेटीच्या व्हिसावर मोबदल्याचे कोणतेही काम करता येत नाही, हेही निघण्यापूर्वीच समजून घ्यावे.

दीर्घ मुक्कामाची एक बाजू गावाकडे राहते, आणि तिचाही बंदोबस्त आधीच करावा. निवृत्तिवेतन घेणाऱ्याला नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ साली सुरू झालेल्या 'जीवन प्रमाण' योजनेने तो संगणकाद्वारे देण्याची सोय झाली असली, तरी परदेशातून तो कसा द्यावयाचा हे आपल्या बँकेत निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे. जमिनीची कामे, विजेचे बिल, पीकविमा यांसाठी विश्वासू माणसाला मुखत्यारपत्र देऊन ठेवल्यास अर्ध्यातून धावपळ करत परतण्याची पाळी येत नाही.

परदेश आपल्याकडून जे मागतात ते आपला देशही परकीयांकडून मागतो, ही गोष्ट मनातील कटुता कमी करणारी आहे. भारताच्या ई-व्हिसावर येणाऱ्याजवळ परतीचे वा पुढच्या प्रवासाचे तिकीट आणि पुरेसा पैसा असावा अशी आपली अट आहे. परकीय पाहुणा शिरवळच्या एखाद्या लॉजमध्ये उतरला तर चोवीस तासांत त्याची माहिती पोलिसांकडे गेली पाहिजे, आणि परकीयांच्या नोंदणीचा अधिकार जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांकडे असतो. राज्य म्हटले की शीव आली, शीव म्हटली की चौकी आली, आणि चौकीवर हेतू विचारला जाणारच.

तथापि हा हेतू सिद्ध करण्याचे ओझे सर्वांवर सारखे नसते. इंग्रजी जाणणाऱ्या अभियंत्याला जे पाच मिनिटांत उमगते, ते त्याच्या सातवी शिकलेल्या आईला कोणी समजावून सांगितले नाही तर आयुष्यभर गूढच राहते, आणि मग एजंटाच्या हाती सारा कारभार जातो. म्हणून परदेशी असलेल्या मुला-मुलींना माझी आग्रहाची विनंती आहे, की तिकीट काढून पाठवले म्हणजे आपले कर्तव्य संपले असे त्यांनी मानू नये. व्हिसावरील प्रत्येक अट, मुक्कामाची शेवटची तारीख आणि तिकीट बदलण्याची रीत त्यांनी आई-वडिलांना मराठीतून, वेळ काढून समजावून द्यावी, आणि त्यांच्याकडून ती पुन्हा वदवून घ्यावी. आपण कोठे, कशासाठी व किती दिवसांसाठी चाललो आहोत हे ज्याला स्वतःच्या शब्दांत सांगता येते, त्याला चारही चौक्यांवर ताठ मानेने उभे राहता येते.